वारीत रुग्णवाहिकेच्या कॉलला वाट मोकळी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आषाढी जवळ आली की पंढरपुरात जादा मोबाइल टॉवर उभे राहिल्याच्या बातम्या येतात. वाखरीच्या तळाजवळ, '६५ एकर' नावाच्या वारकऱ्यांच्या तळावर, गोपाळपूरच्या दर्शनरांगेच्या बाजूला चाकांवरचे टॉवर येतात आणि वारी संपली की जातात. ही सोय हवीच. पण एवढं होऊनही दशमीच्या संध्याकाळी फोन लागत नाहीत, हा इथल्या प्रत्येकाचा अनुभव आहे. माझं म्हणणं असं की, टॉवर किती आणले हा प्रश्न दुय्यम आहे. ज्या निरोपाला उशीर चालतच नाही, तो निरोप दशमी-एकादशीला किती वेळा वेळेत पोचला, हे कुणीतरी मोजलं पाहिजे आणि लोकांसमोर ठेवलं पाहिजे.

मी १९८१ साली सोलापूरच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये, म्हणजे परगावचे कॉल जोडून देणाऱ्या केंद्रात, टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले. पुढे खात्याची परीक्षा देऊन कनिष्ठ दूरसंचार अधिकारी झाले आणि नोकरीची शेवटची वर्षं मोबाइल विभागात काढली. आता पंढरपुरात राहते आणि वारीच्या काळात एका वैद्यकीय मदत केंद्रावर नोंदणीचं काम करते.

गेल्या आषाढीत दशमीच्या रात्री परभणीकडचे एक वयस्कर वारकरी छातीत कळ येते म्हणून केंद्रावर आले. आमच्याकडे ईसीजीचं यंत्र होतं, ते चालवणारा मुलगा होता. पण पट्टी वाचणारे हृदयरोगतज्ज्ञ गावाबाहेरच्या रुग्णालयात होते. पट्टीचा फोटो त्यांना पाठवायचा, त्यांनी सांगायचं, मग हलवायचं, अशी पद्धत. फोनवर रेंजच्या सगळ्या दांड्या दिसत होत्या. फोटो मात्र जाईना, नुसतं गोल फिरत राहिलं. तीन जण एकाच वेळी रुग्णवाहिकेसाठी फोन लावत होते. तिघांचेही फोन वाजायच्या आधीच तुटत होते. अखेर चौकातल्या पोलिसाच्या वॉकीटॉकीवरून निरोप गेला आणि गाडी आली. बाबा वाचले, पुढे घरीही गेले. पण हृदयविकारात पहिल्या तासाला किती किंमत असते, हे डॉक्टरांना विचारावं. त्यातली बरीच मिनिटं आम्ही फोनकडे बघत घालवली.

दांड्या पूर्ण असताना फोन का लागत नाही, हे बहुतेकांना कोडं वाटतं. दांड्या फक्त एवढंच सांगतात की टॉवरचा आवाज तुमच्या फोनपर्यंत चांगला येतो. तुमचा आवाज टॉवरपर्यंत जातो का आणि तिथे तुमच्यासाठी जागा आहे का, याचा त्या दांड्यांशी संबंध नाही. टॉवर कित्येक वॅटच्या ताकदीने बोलतो, तुमचा फोन फार तर २०० मिलिवॅटने. चंद्रभागेच्या वाळवंटात खांद्याला खांदा लागलेली माणसं उभी असतात तेव्हा माणसांची शरीरंच ती थोडकी ताकद शोषतात. शिवाय शेजारचे हजारो फोन त्याच लहरींवर बोलत असतात. त्यांचा मिळून जो गोंगाट होतो, त्यात टॉवरला तुमचा आवाज वेगळा काढावा लागतो. म्हणून गर्दीत व्हिडिओ पाहता येतो, पण फोटो पाठवता येत नाही.

त्याच्याही आधीची एक पायरी आहे आणि दशमीला खरी कोंडी तिथे होते. फोनला काही पाठवायचं असलं की आधी टॉवरला 'मी आहे, मला जागा द्या' असा छोटा इशारा करावा लागतो. ४ जीमध्ये एका सेलला, म्हणजे टॉवरच्या एका अँटेनाच्या हद्दीला, अशा ६४ खुणा ठरलेल्या असतात आणि त्यांतल्याही काही राखून ठेवलेल्या असतात. फोन उरलेल्यांतली एक खूण कशीही निवडतो. दोन फोननी एकाच क्षणी तीच खूण निवडली तर बहुधा दोघांचंही ऐकू येत नाही. दोघं थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करतात. फोन थोडे असतील तर काही बिघडत नाही. एकाच सेलमध्ये हजारो फोन असतील आणि प्रत्येक जण 'लागला नाही' म्हणून पुन्हा पुन्हा लावत असेल, तर टकरी वाढत जातात, टकरींमुळे प्रयत्न वाढतात आणि शेवटी जवळजवळ कुणाचंच काम होत नाही. हे काही नवं ज्ञान नाही. हवाई विद्यापीठाने १९७१ साली अलोहा नावाचं बिनतारी जाळं सुरू केलं, तेव्हाच हे दिसून आलं होतं. कुणालाही केव्हाही बोलू दिलं आणि फक्त वेळेचे समान तुकडे पाडून दिले, तर वाहिनीची जास्तीत जास्त ३७ टक्क्यांच्या आसपास क्षमता उपयोगात येते. त्यापुढे गर्दी वाढली की काम वाढत नाही, उलट कमी होतं.

जागा मिळाली तरी पुढे रांग असते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एरलांग यांनी १९०९ आणि १९१७ साली या रांगांचं गणित मांडलं. आमच्या खात्यात ट्रॅफिक आजही त्यांच्याच नावाने मोजतात, 'इतके एरलांग' असं. रांगेच्या अगदी साध्या गणितात वाहिनी निम्मी भरलेली असेल तर रिकाम्या वाहिनीच्या दुप्पट वेळ लागतो. ९० टक्के भरली तर दहापट. ९५ टक्क्यांना वीसपट आणि ९९ टक्क्यांना शंभरपट. पंढरपूरकरांना हे दर्शनरांगेवरून कळेल: येणारे आणि दर्शन घेऊन बाहेर पडणारे जवळजवळ सारखे झाले की रांग हळूहळू वाढत नाही, ती थेट गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते. आषाढीत देवाचा पलंग काढतात, मंदिर चोवीस तास उघडं असतं, तरीही. ९० वरून ९५ टक्क्यांवर जाणं सरासरीच्या तक्त्यात किरकोळ दिसतं. रांगेतल्या माणसासाठी वाट बघणं दुप्पट झालेलं असतं.

म्हणून मला 'सरासरी वेग' या शब्दाचा राग येतो. मोबाइलवर वेग मोजण्याची चाचणी सर्वांना माहीत आहे. आकडा मोठा आला की नेटवर्क चांगलं. ईसीजीचा फोटो फार मोठा नसतो, त्याला वेग कमी लागतो. त्याला हवी असते खात्री. हजार वेळा पाठवला तर हजारही वेळा काही सेकंदांत पोचला पाहिजे. ९९० वेळा पटकन गेला आणि दहा वेळा पाच-पाच मिनिटं अडकला, तर सरासरी सुंदरच येईल. ते दहा कोण होते, ते मात्र सरासरीत दिसणार नाही.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ऑगस्ट २०२४ मध्ये सेवेच्या दर्जाची नवी नियमावली काढली. तिच्यात वेगाबरोबर उशीर, उशिरातला चढउतार आणि हरवलेले पॅकेट, म्हणजे डेटाचे वाटेत गळालेले तुकडे, हेही मोजायला सांगितलं आहे. एखाद्या जिल्ह्यात सेवा चोवीस तासांहून अधिक बंद राहिली तर ग्राहकाला भरपाई देण्याचंही त्यात आहे. हे मोठं पाऊल आहे आणि त्याचं मनापासून कौतुक करते. पण हिशोब सर्कलचा आणि लांब मुदतीचा असतो. महाराष्ट्र सर्कल म्हणजे मुंबई वगळून सगळा महाराष्ट्र आणि गोवा. त्या मोठ्या आकड्यात पंढरपूरच्या दोन दिवसांचं काय उरणार? एक्स्चेंजमध्ये आम्ही दिवसाची सरासरी कधी काढत नव्हतो, 'बिझी अवर' काढायचो. सगळ्यात जास्त गर्दीच्या तासात किती कॉल परत गेले, त्यावरून ट्रंक लाइन किती हव्यात ते ठरायचं. पंढरपूरचा बिझी अवर कोणता, ते इथलं लहान मूलही सांगेल.

आता उपायांकडे येते. मोबाइलच्या मानकांत यासाठीची साधनं आधीपासून आहेत, नवीन काही शोधावं लागणार नाही. तुम्ही ४ जीवर साधा कॉल लावता तेव्हा तो आवाज वेगळ्या मार्गिकेतून जातो. त्याला पोचायला १०० मिलिसेकंदांची मर्यादा असते आणि त्या आवाजाची पॅकेट पुढे काढली जातात. साधं इंटरनेट सगळ्यात मागच्या मार्गिकेत असतं, मर्यादा ३०० मिलिसेकंद, आणि गर्दीत तीही पाळली जाईल याची हमी नाही. रुग्णवाहिकेतल्या टॅबवरून जाणारं गाडीचं ठिकाण, केंद्रावरून जाणारा ईसीजी, डॉक्टरांना व्हॉट्सॲपवरून लावलेला कॉल, हे सगळं या मागच्या मार्गिकेत असतं. बाजूला उभ्या असलेल्या माणसाच्या थेट प्रक्षेपणाबरोबर, त्याच रांगेत, त्याच पायरीवर. जीव वाचवणाऱ्या यंत्रणेच्या सिमना वरची मार्गिका देणं ही नेटवर्कमध्ये करायची नोंद आहे, त्याला नवा टॉवर लागत नाही.

दुसरी सोय सिमकार्डातच असते. प्रत्येक सिमला एक प्रवेशवर्ग दिलेला असतो. तुम्हाआम्हाला ० ते ९ यांतला एक, सुरक्षा दलांना १२, वीज-पाण्यासारख्या सार्वजनिक सेवांना १३, आपत्कालीन सेवांना १४. गर्दी हाताबाहेर जाऊ लागली की टॉवर सामान्य वर्गांतल्या काही फोनना काही क्षण थांबायला सांगू शकतो आणि वरच्या वर्गांना वाट मोकळी ठेवू शकतो. मघाशी सांगितलेली ६४ खुणांची टक्कर अशी आटोक्यात ठेवता येते. पण वारीत नेमलेल्या रुग्णवाहिकांच्या आणि मदत केंद्रांच्या फोनमध्ये बाजारातून घेतलेली साधी सिमं असतील, तर ही सोय असून नसल्यासारखी आहे. आमच्या केंद्रावरची सगळी सिमं तशीच साधी होती.

इथे कुणी म्हणेल, 'म्हणजे हे व्हीआयपी दर्शनच झालं.' हा आक्षेप मी हलका मानत नाही. मी ट्रंक बोर्डावर बसले आहे. तेव्हा ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे कॉल असत आणि लाइटनिंगला कितीतरी पट पैसे पडत. पैसेवाल्याचा कॉल आधी जोडताना, तासन् तास ताटकळलेल्या बाईचा 'अहो, माझा नंबर कधी लागणार?' असा आवाज मी ऐकलेला आहे. आईच्या आजारपणाची बातमी पोचवायला तिच्याकडे लाइटनिंगचे पैसे नसत. पैशावर मिळणारा अग्रक्रम मला तेव्हाही मान्य नव्हता आणि आजही नाही. ट्रायने फेब्रुवारी २०१६ मध्ये इंटरनेटवर भेदभावाचे दर लावायला बंदी केली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. पण २०१८ मध्ये सरकारने नेट समानतेची, म्हणजे इंटरनेटवर सगळ्यांना सारखी वागणूक देण्याची, तत्त्वं स्वीकारली तेव्हा अतिमहत्त्वाच्या सेवांना त्यातून वगळलं, आणि तेही योग्यच होतं. अग्रक्रम माणसाच्या पदाला किंवा पैशाला द्यायचा नाही, कामाला द्यायचा. ती सिमं रुग्णवाहिकेची, मदत केंद्राची, अग्निशमनाची असावीत. कुठल्याही पुढाऱ्याच्या किंवा अधिकाऱ्याच्या खिशात त्यांतलं एकही जाऊ नये, आणि कुणाला किती दिली त्याची यादी जाहीर व्हावी.

कायद्याचाही आधार आहे. दूरसंचार अधिनियम, २०२३ मध्ये सार्वजनिक आणीबाणीच्या वेळी, आपत्ती व्यवस्थापन त्यात आलंच, मदतकार्यासाठी अधिकृत केलेल्या लोकांचे संदेश अग्रक्रमाने पाठवण्याची व्यवस्था करण्याचा अधिकार सरकारला दिला आहे. त्याआधी २०१८ मध्ये ट्रायने पोलीस, अग्निशमन आणि आपत्ती निवारणासाठी वेगळ्या ब्रॉडबँड जाळ्याची शिफारसही केली होती. अमेरिकेने ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात आपल्या बचाव पथकांची झालेली परवड बघून २०१२ साली कायदा केला आणि फर्स्टनेट नावाचं असं जाळं उभं केलं. त्यासाठी ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातले २० मेगाहर्ट्झ दिले. गर्दी नसते तेव्हा तो पट्टा सामान्य ग्राहकही वापरू शकतात. गरज पडली की त्यांना बाजूला केलं जातं. म्हणजे राखून ठेवलेली जागा वर्षभर ओस पडत नाही.

दोन कंपन्यांची सिमं ठेवा, एक नाही तर दुसरं लागेल, असा सल्ला आम्हाला मिळाला होता. तत्त्वतः तो बरोबर आहे. एक मार्ग शंभरात एकदा बंद पडत असेल आणि दुसराही, तर दोन्ही एकदम बंद पडण्याची वेळ दहा हजारांत एकदा येते. अट एकच, दोन्ही मार्ग खरोखर वेगळे हवेत. आपल्याकडे एकाच मनोऱ्यावर अनेक कंपन्यांचे अँटेना असतात. खालची बॅटरी एक, जनरेटर एक, पुष्कळदा जमिनीतली फायबरही एकाच चरातून गेलेली. जेसीबीने ती तोडली की दोन्ही कंपन्या एकदम जातात. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने कोकणात वीज गेली आणि पाठोपाठ मोबाइल गेले, तेव्हा खिशात किती सिमं आहेत याला काही अर्थ राहिला नव्हता. वारीसाठी आणलेले टॉवर कुठल्या मार्गाने मुख्य जाळ्याला जोडले आहेत, हे म्हणूनच विचारायला हवं. चार टॉवर आणले आणि चारही एकाच बिनतारी दुव्यावर लटकवले, तर लोकांना दांड्या चार पटीने दिसतील. वाट तेवढीच राहील. शिवाय टॉवर फार जवळ जवळ लावले तर ते एकमेकांच्या लहरींत व्यत्यय आणतात. ते कुठे आणि किती ताकदीचे लावायचे, हे बसून आखावं लागतं.

५ जी आलं की सगळं सुटेल, असंही ऐकते. आपल्याकडे ५ जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. त्याच्या आंतरराष्ट्रीय निकषांत एक अतिविश्वासार्ह सेवा आहे: ३२ बाइटचा संदेश एका मिलिसेकंदात पोचवायचा, तोही लाखात एखादाच चुकेल इतक्या खात्रीने. यंत्रमानव आणि कारखान्यांसाठी ते आहे. ते कसं साधतात हे पाहण्यासारखं आहे, कारण त्यातून फुकट काही मिळत नाही हे कळतं. साध्या ४ जीमध्ये डेटा पाठवताना पहिल्या प्रयत्नात दहातला एखादा तुकडा चुकेल, असंच धरून चालतात. चुकला की सुमारे आठ मिलिसेकंदांनी पुन्हा पाठवतात. त्यामुळे लहरींचा वापर काटकसरीने होतो आणि जास्त लोक सामावतात. उशीरच चालत नसेल तर पुन्हा पाठवायला सवड नसते. मग पहिल्याच वेळी संदेश जास्त जागा घेऊन, जास्त सुरक्षित करून पाठवायचा, किंवा दोन वाटांनी एकदम पाठवायचा, किंवा विचारण्यात वेळ जाऊ नये म्हणून त्याची जागा आधीच राखून ठेवायची. या सगळ्यात लहरी जास्त खर्च होतात. खात्री, वेग आणि माणसांची संख्या या तिन्ही गोष्टी एकाच पट्ट्यातून हव्या तेवढ्या काढता येत नाहीत. म्हणूनच ही खात्री सगळ्यांना देता येणार नाही. ती कुणाला द्यायची हे आधी ठरवावं लागेल. आम्हाला एक मिलिसेकंद नको आहे. ईसीजी दहा सेकंदांत गेला तरी चालेल, पण तो प्रत्येक वेळी गेला पाहिजे.

नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थही २०२७ मध्ये आहे. तिथे गोदाघाटावर हीच अडचण येणार. पंढरपुरात दरवर्षी गर्दी होते, म्हणजे शिकण्याची संधीही दरवर्षी मिळते. ती वाया जाऊ नये.

वाचकांना एक उपयोगाची गोष्ट सांगते. फोनला ११२ हा आणीबाणीचा क्रमांक म्हणून उपजतच माहीत असतो. तो लावला की तुमच्या कंपनीचं नेटवर्क नसलं तरी फोन दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवरून जोडायचा प्रयत्न करतो आणि नेटवर्कही त्याला सामान्य कॉलपेक्षा वरचं स्थान देतं. १०८ प्रत्येक फोनला तसा माहीत असेलच असं नाही. गर्दीत १०८ लागला नाही तर ११२ लावा. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका तिन्ही तिथून मिळतात. चुकामूक झालेल्या माणसाला निरोप द्यायचा असेल तर फोन पुन्हा पुन्हा लावण्यापेक्षा साधा एसएमएस करा. त्याला फार थोडी जागा लागते आणि तो अडकला तरी नेटवर्क स्वतःच पुन्हा पाठवतं.

सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना आणि मोबाइल कंपन्यांना माझी विनंती आहे. वारीच्या कामावरच्या रुग्णवाहिका आणि मदत केंद्रांना वरच्या वर्गाची सिमं द्यावीत, आणि ती खरोखर चालतात का हे नवमीलाच, गर्दी चढायला लागली की तपासावं. पोलिसांचे बिनतारी संच मदत केंद्रांनाही द्यावेत. आमच्या केंद्रावर त्या रात्री तोच एक मार्ग चालला. आणि दशमी-एकादशीच्या बिझी अवरचे आकडे सेलनिहाय जाहीर करावेत: किती प्रयत्न झाले, किती फसले, सगळ्यात उशिरा पोचलेल्यांना किती वेळ लागला. वाखरी, ६५ एकर, वाळवंट, प्रदक्षिणा मार्ग आणि गोपाळपूर, एवढ्या ठिकाणी मोजलं तरी पुरे. मोजणीला माणसं कमी पडत असतील तर आम्ही काही निवृत्त सहकारी आमचे फोन आणि वह्या घेऊन प्रत्येक चौकात उभं राहायला तयार आहोत. पाळ्या लावून द्याव्यात, रात्रपाळीची आम्हाला सवय आहे.

आपली,
एक निवृत्त कनिष्ठ दूरसंचार अधिकारी,
पंढरपूर, जि. सोलापूर